लहान मासा पाण्यात परत

गळाला ओढ लागली. भेंड बुडाले. काठी उचलली तर तंगुसाला मासा लोंबतो आहे. पण केवढा? जेमतेम वीतभर. आता याचे काय करायचे?

काठावर बसलेल्यांची दोन मते पडतात. एक म्हणतो, "राहू द्या. कालवणाला तेवढीच चव." दुसरा म्हणतो, "लेकरू हाय ते. द्या सोडून." मग मासा धरणारा गळ हिसकून काढतो आणि लांबूनच मासा पाण्यात भिरकावतो. मासा सुटला, आपल्याला पुण्य लागले, असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी तोच मासा पोट वर करून काठाला लागतो. ना कालवणात गेला, ना पाण्यात वाढला. कावळ्याचे तेवढे भले झाले.

सोडलेला मासा जगला, तरच तो सोडला म्हणायचे. लहान मासा जिवंत कसा सोडायचा, कधी सोडायचा आणि कधी मुळीच सोडू नये, हे या धड्यात वाचू.

आपले पाणी, आपले मासे

बीड जिल्हा कोरडा म्हणून ओळखला जातो. तरी पाणी अगदीच नाही असे नाही. जिल्ह्याच्या उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी वाहते. राक्षसभुवन आणि मंजरथ ही तिच्या काठची गावे. सिंदफणा नदी पाटोद्याकडच्या डोंगरातून निघते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा पुढे सिंदफणेत जाते. मांजरा नदीही बालाघाटच्या डोंगरातलीच. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. मांजरेवर धनेगावचे धरण आहे. बिंदुसरेवर पालीजवळ धरण आहे. याशिवाय गावोगावी पाझर तलाव आणि नाल्यावरचे बंधारे आहेत.

या पाण्यात रोहू, कटला आणि मृगळ हे मासे असतात. त्यांचे बी आणून तलावात सोडतात. मरळ, वाम, शिंगटा हे मासे पूर्वीपासूनचे. चिलापी हा परदेशातून आलेला पाहुणा. तो आता घरचा होऊन बसला आहे. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

एक गोष्ट आधीच सांगतो. तलावातला मासा म्हणजे रानातले बोर नव्हे. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था पैसे भरते, बी विकत आणते, तलावात सोडते. तेव्हा गळ टाकण्याआधी विचारावे. नदीकाठीही तिथल्या भोई मंडळींना विचारलेले बरे. त्यांचे पोट त्या पाण्यावर असते.

दोन विती, आठ पट

लहान मासा का सोडायचा? दया हे एक कारण आहे. पण आपण हिशोबाने पाहू.

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दोन विती म्हणजे एक हात. हे माप सर्वांना ठाऊक आहे.

वीतभर रोहूचे वजन साधारण आतपाव भरते. मग हातभर रोहूचे वजन किती? लांबी दुप्पट झाली, म्हणून वजन पावशेर झाले, असे वाटेल. तराजू वेगळे सांगतो. हातभर रोहू किलोच्या आसपास भरतो. म्हणजे आठ आतपाव.

हे कसे झाले? मासा नुसता लांब होत नाही. तो रुंदही होतो आणि जाडही होतो. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट. दोन दुणे चार, चार दुणे आठ. पटत नसेल तर पोराचे चौकोनी खेळाचे ठोकळे घ्या. एका ठोकळ्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असा मोठा ठोकळा रचून पाहा. त्याला आठ ठोकळे लागतील.

आता हिशोब करा. आज आठ वीतभर मासे धरले आणि खाल्ले. एक किलो मासळी झाली. तेच आठ मासे नीट सोडले. पाण्यात खाणे चांगले असेल, तर पुढच्या वर्षापर्यंत ते हातभर होतील. आठही जगणार नाहीत. काही बगळा खाईल, काही मरळ खाईल, काही दुसऱ्याच्या जाळ्यात जातील. समजा, आठांतले दोनच तुमच्या हाती आले. तरी दोन किलो झाले. आजच्या दुप्पट. भांडवल काय लागले? थोडी सबुरी.

ज्याच्या घरी आज संध्याकाळी चुलीवर ठेवायला दुसरे काही नाही, त्याला हा हिशोब सांगायला मी जाणार नाही. त्याने मासा घरी न्यावा. पण काठावर हौसेने बसणाऱ्याला आणि मासे विकणाऱ्याला हा हिशोब समजायला हवा.

आणखी एक कारण आहे. रोहू, कटला, मृगळ यांची मादी साधारण दोन वर्षांची झाल्यावर अंडी घालते. तोवर ती हातभर झालेली असते. एक किलोच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. त्यांतून जिऱ्याच्या दाण्याएवढी पिले निघतात, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. ती बोटाएवढी वाढली की त्यांना बोटुकली म्हणतात. नावे किती नेमकी आहेत बघा! लाखांतली थोडीच बोटुकलीपर्यंत पोचतात. त्यांतूनही थोडी वीतभर होतात. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला वीतभर मासा हा शेकडो भावंडांतून वाचलेला असतो. सगळी संकटे पार करून तो इथवर आला, आणि आतपाव कालवणासाठी गेला.

हे मासे अंडी घालायला वाहते, पुराचे पाणी मागतात. साचलेल्या लहान तळ्यात ती मादी सहसा अंडी घालत नाही. पूर्वी लोक नदीच्या पुरातून बी गोळा करत. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी एक युक्ती साधली. माशाच्या मेंदूखाली एक बारीक ग्रंथी असते. तिचा अर्क त्यांनी नर-मादीला टोचला, आणि माशांनी साठलेल्या पाण्यात अंडी घातली. तेव्हापासून बी तयार करण्याची केंद्रे निघाली. तलावात सोडलेली बोटुकली अशा केंद्रांतून येते. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तेव्हा लहान तलावातला वीतभर रोहू हा कोणीतरी पैसे देऊन आणलेला असतो. तो सोडला तर संस्थेचे पैसे वाचतात. नदीतला किंवा मोठ्या धरणातला सोडला, तर पुढच्या पुरात तो अंडी घालू शकतो. दोन्हीकडे फायदा आहे, पण दोन्ही फायदे एकसारखे नाहीत.

मासा श्वास कसा घेतो

मासा सोडायचा कसा, हे समजायला आधी त्याचे अंग समजून घ्यावे लागते.

माशाच्या गालावर दोन झाकणे असतात. त्यांच्याखाली लालभडक कल्ले असतात. मासा तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पाण्यात विरघळलेली हवा कल्ले शोषून घेतात. कल्ल्यांची झालर फार नाजूक असते. पाण्यात ती मोकळी पसरलेली असते. नदीत डुबकी मारली की आपले केस पाण्यात पसरतात. बाहेर आलो की ते डोक्याला चिकटतात. कल्ल्यांचेही तसेच होते. मासा बाहेर आला की झालर एकमेकींना चिकटते. भोवती एवढी हवा असून मासा गुदमरतो.

म्हणून एक साधा नियम करा. मासा पाण्याबाहेर काढताना आपलाही श्वास धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की समजा, माशालाही तसेच वाटते आहे. तोवर तो पाण्यात गेलाच पाहिजे.

दुसरे, माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा. तो आपल्याला नकोसा वाटतो. हातातून मासा निसटतो, म्हणून आपण हाताला माती लावतो किंवा कोरड्या फडक्याने मासा धरतो. पण ते बुळबुळीत आवरण म्हणजे माशाचे चिलखत आहे. ते पुसले गेले की तिथे रोग शिरतो. चार-सहा दिवसांनी त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी दिसते. मासा सोडताना जोमाने पळाला होता, तरी मागून मरतो. तो तुमच्या हाताने मेला, हे तुम्हाला कधी कळतही नाही.

सोडायचा कसा

पहिल्यांदा हात पाण्यात बुडवून ओले करा. उन्हात तापलेला कोरडा हात माशाला लावू नका.

होता होईल तो मासा पाण्याबाहेर काढूच नका. गुडघाभर पाण्यात उतरता येत असेल, पाय घसरणार नाही अशी जागा असेल, तर खाली वाका आणि मासा पाण्यात असतानाच गळ काढा. काठ उंच असेल तर शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादली सावलीत असावी.

मासा तापलेल्या खडकावर, वाळूवर किंवा मातीत टाकू नका. एप्रिल-मे महिन्यांत खडकावर आपला पायही ठरत नाही. मग माशाच्या उघड्या अंगाचे काय होत असेल!

धरताना एक हात पोटाखाली द्या. दुसऱ्या हाताने शेपटीजवळ हलकेच धरा. आवळू नका. माशाचे काळीज कल्ल्यांच्या मागेच, गळ्याखाली असते. तिथे दाबले तर मासा दगावतो. कल्ल्यात बोट घालून मासा उचलणे ही बाजाराची रीत आहे. मेलेल्या माशाला ती चालते. सोडायच्या माशाला चालत नाही.

शिंगटा असेल तर जपून. त्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. तो टोचला की हात ठणकतो. काट्यांच्या मागून, पोटाखाली हात घालून धरावे.

आता गळ. गळाच्या टोकाशी एक उलटी नख असते. आत गेलेला गळ मागे येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. तीच माशाचे तोंड फाडते. घरून निघतानाच ती नख पकडीने दाबून सपाट करा. मासा निसटेल अशी भीती वाटते. दोरा ताणून धरला तर सहसा निसटत नाही. आणि गळ काढायला मग क्षणभरच लागतो. ज्या वाटेने गळ आत गेला त्याच वाटेने तो मागे घ्या. हिसका देऊ नका.

माशाने गळ घशात खोल गिळला असेल तर काढत बसू नका. ओढला तर आतडे आणि कल्ले फाटतील. तोंडाजवळ तंगूस कापा आणि मासा तसाच सोडा. गळ आत ठेवूनही पुष्कळ मासे जगतात. गळ ओढून काढलेले त्या मानाने फार मरतात. एक गळ गेला तर गेला. पण कापलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, शेळ्या-वासरांचेही अडकतात. तो गुंडाळून खिशात घाला.

कल्ल्यातून भळभळ रक्त वाहत असेल, तर तो मासा जगणार नाही. लहान असला तरी तो घरी न्या आणि खा. मरणारा मासा पाण्यात टाकून कोणाचे भले होत नाही.

आता शेवटची गोष्ट. हीच लोक विसरतात. मासा फेकायचा नाही. पाण्यात दोन्ही हातांवर धरून ठेवायचा. वाहते पाणी असेल तर त्याचे तोंड प्रवाहाकडे करा. म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांत जाईल. साचलेले पाणी असेल तर नुसता उभा धरा. थोड्या वेळाने कल्ले नीट हलू लागतात. मासा शेपटीने तुमच्या हाताला धक्का देतो. तेव्हा हात मोकळा करा. तो आपला आपण जाईल. सोडल्यावर आडवा पडला, तर पुन्हा हातावर घ्या. घाई नको.

जाळ्याचे काय

इथवर गळाचे झाले. पण बहुतेक मासळी जाळ्यात येते.

फेकजाळे असेल तर सोपे आहे. जाळे पूर्ण काठावर ओढू नका. थोड्या पाण्यातच मोठे मासे उचला आणि लहान मासे हाताने बाहेर लोटा. जाळे काठावर आणून, मासळी वाळूत ओतून, बिडी ओढून झाल्यावर निवड करायला बसलात, तर सोडायला जिवंत काही उरत नाही.

उभे जाळे पाण्यात रात्रभर लावून ठेवतात. त्यात मासा कल्ल्याने अडकतो. सकाळी जाळे उचलेपर्यंत बरेच मासे मेलेले असतात. तिथे सोडण्याचा प्रश्नच राहत नाही. म्हणून उभ्या जाळ्यात लहान मासा सोडायचा, तो धरण्याआधीच सोडायचा. तो कसा? जाळ्याच्या घराने. जाळ्याच्या एका घराला मच्छीमार आस म्हणतात. जाळे ताणा आणि घरात बोटे घालून पाहा. चार बोटे जोडून आरामात जात असतील, तर वीतभर रोहू त्यातून सुखरूप निघून जातो. दोनच बोटे जात असतील, तर ते जाळे पुढच्या वर्षाची मासळी आज गाळून घेते. मच्छरदाणीच्या कापडाने तर जिरे आणि बोटुकलीही उरत नाही. ती मासेमारी नव्हे, बियाणे खाणे आहे.

पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे याला कायद्यानेच मनाई आहे. सुरुंगाने लहान-मोठे सगळेच मरतात. माणसांचे हातही तुटतात.

चुलीवरचे पाणी पाहा

उन्हाळ्यात सोडलेला मासा पावसाळ्यापेक्षा लवकर का मरतो? त्याचे कारण घरात दिसते. चुलीवर भांड्यात पाणी ठेवा. उकळी फुटण्याच्या खूप आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी तापले की ती बाहेर पडते. तलावाचेही तेच होते. पाणी जितके गरम, तितकी त्यात हवा कमी. धडपडून दमलेल्या माशाला जास्त हवा हवी असते, आणि पाण्यात तर ती कमी असते.

म्हणून भर उन्हात, दुपारी गळ टाकायचाच तर धरलेला मासा खाण्यासाठी धरा. सोडायचे असेल तर सकाळची वेळ बरी. तीही अगदी पहाटेची नव्हे. हिरवे शेवाळ दिवसा उन्हात पाण्याला प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच घेते. त्यामुळे हिरव्या तलावात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. सूर्य चांगला वर आला की त्यांना हुशारी येते.

कुठे सोडू नये

लहान मासा दिसला की सोडा, असा सरसकट नियम मी सांगणार नाही. आपल्या जिल्ह्यात तो चालणारच नाही.

पहिले, आटणारे पाणी. ऊसतोडीला गेलेली माणसे उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तोवर ओढ्याचे डोह आणि पाझर तलाव डबक्यावर आलेले असतात. महिनाभरात कोरडे पडणाऱ्या डबक्यात मासा सोडून काय होणार? तिथला मासा खावा. किंवा संस्थेची संमती असेल, तर बादलीतून जवळच्या खोल पाण्यात न्यावा. २०१६ सालचा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरणच आटले, तिथे माशांचे काय राहणार? पाऊस आल्यावर अशा पाण्यात नव्याने बी सोडावे लागते. उलट, बारा महिने खोल राहणारा नदीतला एखादा डोह असेल, तर तो जपावा. सगळीकडचे पाणी आटते, तेव्हा नदीचे बियाणे तिथेच उरते.

दुसरे, चिलापी. हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, म्हणून पिले फार जगतात. काही महिन्यांतच, वीतभरही न होता, ती पिले स्वतः अंडी घालू लागतात. तलावात चिलापीची गर्दी होते आणि कोणाचीच वाढ होत नाही. लहान चिलापी सोडून तलावाचे नुकसानच होते. तो तळून खावा.

तिसरे, परदेशी मांगूर. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो दुसरे मासे खाऊन टाकतो. तो हाती आला तर परत पाण्यात सोडू नये.

आणि काही जाती मुळातच बोटभर असतात. झिंगे तर जन्मभर लहानच. ते लहान म्हणून सोडायची गरज नाही. लहान मासा आणि लेकरू मासा यांत फरक आहे. तो ओळखायला शिकावे. काठावरचे जुने जाणते नजरेनेच ओळखतात. त्यांच्याजवळ दोन दिवस बसा.

मरळीचे घर आणि चढणीचे मासे

मरळ हा आपल्याकडचा महागाचा मासा. तो वर येऊन हवाही घेतो, म्हणून चिखलातही तग धरतो. मरळीचे नर-मादी पिलांची राखण करतात. पाण्याच्या वरच्या अंगाला तांबूस पिलांचा थवा गोळ्यासारखा फिरताना दिसतो. खाली आई-बाप असतात. काही जण त्या थव्यावर बेडकी नाचवतात. आई-बाप पिले वाचवायला झडप घालतात आणि गळाला लागतात. मोठी मरळ मिळाली, म्हणून माणूस खूश होतो. मागे शेकडो पिले पोरकी होतात. दुसरे मासे ती तासा-दोन तासांत फस्त करतात. तेव्हा इथे नियम उलटा आहे. थवा सांभाळणारी मरळ हातभर असली, तरी ती सोडावी. खरे तर तिथे गळ टाकूच नये.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मासे ओढ्याने वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्यांच्या पोटात गाभोळी असते. गुडघाभर पाण्यात लोक काठ्या, टोपल्या घेऊन धावतात. मजा येते, हे कबूल. पण वर्षभर वीतभर मासे जपून सोडले आणि पहिल्याच पावसात गाभोळीच्या माद्या टोपलीत भरल्या, तर काय उपयोग? समुद्रावर यासाठीच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात. २०२३ साली राज्य सरकारने समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांची मापेही ठरवली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट, बोंबील, सुरमई, सगळे त्यात आले. कोकणातल्या कोळ्यांना जे पटू लागले, ते आपल्याला पटायला काय हरकत आहे?

थंड मुलखातही ही रीत आहे. काश्मीर आणि हिमाचलच्या बर्फाळ ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. आपल्या गरम पाण्यात तो जगणार नाही. तिथे गळ टाकायला परवाना लागतो, आणि लहान ट्राउट ओल्या हाताने परत सोडतात. आपल्या राज्यात महाडजवळ वाळणकोंड येथे आणि वाड्याजवळ तिळसे येथे देवस्थानाच्या डोहातले मासे कोणी धरत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात. तिथे मोठमोठे महाशीर मासे दिसतात. श्रद्धेने जे राखले ते समजून-उमजूनही राखता येईल, असे मला वाटते.

"दुसरा धरील की!"

काठावर हे बोलणे नेहमी ऐकू येते. तरुण म्हणतो, "बाप्पा, मी सोडला तर उद्या दुसरा धरील की. मग म्याच का सोडू?"

म्हातारा म्हणतो, "धरू दे की. तवर त्यो वाढंल तरी."

"वाढंल, पण माझ्या घरी कुठं येईल?"

या प्रश्नाला म्हाताऱ्याजवळ पुरते उत्तर नसते. तरुणाचे म्हणणे खोटे नाही. एकाने सोडायचे आणि दहांनी धरायचे, हे फार दिवस चालत नाही. म्हणून हे काम एकट्याचे नाही. संस्थेच्या सभेत विषय काढावा. रोहू, कटला, मृगळ केवढा असेल तर सोडायचा? जाळ्याचे घर केवढे ठेवायचे? मृगापासून किती दिवस ओढ्यात जाळे लावायचे नाही? सभेत ठरवावे आणि तलावाच्या काठी पाटीवर लिहावे. बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या बायांनाही सभेला बोलवावे. वीतभर मासळीला काय भाव येतो आणि हातभर मासळीला काय येतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्यांनी दोन भाव सांगितले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

वही काढा

तुमच्या गळाच्या काठीवर दोन खुणा करा. एक वीतभर अंतरावर, दुसरी हातभर अंतरावर. मासा पाण्यातच काठीला लावून मोजता येईल.

आता वहीत लिहा. तुमच्या गावाजवळ कोणते पाणी आहे? ते मे महिन्यात किती खोल राहते? त्यात कोणते मासे आहेत? त्यांतले कोणते सोडाल आणि कोणते खाल?

मग हे गणित करा. हातभर मासळीचा भाव किलोला १६० रुपये आणि वीतभर मासळीचा ८० रुपये धरा. आज आठ वीतभर मासे विकले तर किती रुपये येतील? पुढच्या वर्षी त्यांतले दोनच हातभर होऊन मिळाले, तर किती येतील? उत्तर आले की ते घरात वाचून दाखवा.